पासवर्ड फाटकावर लिहिला होता

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या चार मुलांपैकी उदगीरकडचा एक मुलगा रात्री साडेनऊच्या सुमारास खाली आला आणि दारातूनच म्हणाला, "सर, नेट लई हळू चालूलालंय. लेक्चर मधीच अडकूलालंय." शंभर एमबीपीएसचे फायबर कनेक्शन, घरात आम्ही चौघे आणि वर चार मुले; एवढ्यांना ते सहज पुरायला हवे होते. इंटरनेट पुरवणाऱ्याकडे तक्रार नोंदवण्यापूर्वी एकदा स्वतः पाहावे म्हणून मी लॅपटॉपवर १९२.१६८.१.१ हा राउटरचा पत्ता उघडला, जोडलेल्या उपकरणांची यादी काढली आणि ती बोटाने मोजली. तेवीस उपकरणे होती. माझ्या हिशेबाने खालची आठ आणि वरची सहा, अशी चौदा असायला हवी होती.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो आणि संगणकाचा माझा अभ्यास हौसेपुरता आहे, पण नऊचा फरक ही काही हातचा राहून गेल्याची चूक नव्हती.

लातुरात ट्युशन एरियाच्या आसपास ज्यांचे घर आहे त्यांना या घराची रचना वेगळी सांगायला नको. दर जूनमध्ये नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव आणि आता तर विदर्भातूनही नीट आणि जेईईची तयारी करणारी मुले येतात, आणि वरचा मजला त्यांच्यासाठीच बांधलेला असतो. पूर्वी खोली पाहायला आलेले पालक पाण्याची चौकशी करत. आता ती झाली की दुसरा प्रश्न वायफायचा असतो. म्हणून आमच्या फाटकावर पत्र्याची एक पाटी आहे: "मुलांसाठी खोल्या भाड्याने देणे आहे. बोअरचे पाणी, इन्व्हर्टर, वायफाय." आणि त्याखाली लाल रंगात माझा दहा अंकी मोबाईल क्रमांक.

हा क्रमांक पुढच्या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. तीन वर्षांपूर्वी कनेक्शन बसवायला आलेल्या तरुणाने शिडीवरून उतरता उतरता मला सांगितले होते, "काका, पासवर्ड तुमचाच मोबाईल नंबर ठेवलाय, म्हणजे इसरायचं काम नाही." मला ती सोय फार आवडली. नेटवर्कला त्याने माझे आडनाव दिले होते. म्हणजे गल्लीतून जाणाऱ्या कोणाच्याही फोनवर आमचे आडनाव दिसत होते आणि त्याचा पासवर्ड आम्हीच पत्र्यावर रंगवून घेऊन फाटकाला टांगला होता. पाटी रंगवणाऱ्याला मी त्याचे साडेतीनशे रुपयेही दिले होते.

पाटी नसती तरी फार फरक पडला नसता, आणि तो का पडला नसता याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. फोन वायफायला जोडला जातो तेव्हा तो पासवर्ड हवेतून जसाच्या तसा पाठवत नाही. राउटर आणि फोन यांच्यात चार संदेशांची देवाणघेवाण होते आणि तिच्यातून दोघांकडे एकच पासवर्ड असल्याची खातरजमा केली जाते. मात्र हे चार संदेश रेंजमध्ये बसलेल्या कोणालाही टिपून ठेवता येतात. एकदा ते टिपले की त्याला आपल्या दारात थांबण्याची गरज उरत नाही. तो घरी जाऊन निवांतपणे एकामागून एक अंदाज लावतो आणि टिपलेल्या संदेशांशी ताडून पाहतो, ज्याची राउटरला गंधवार्ताही नसते. डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या सुरक्षापद्धतीत प्रत्येक अंदाजासाठी पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एकत्र करून ४०९६ आवर्तनांची आकडेमोड करावी लागते, ती मुद्दाम वेळखाऊ ठेवली आहे. तरीही गेम खेळण्यासाठी घेतलेले चांगले ग्राफिक्स कार्ड दर सेकंदाला लाखो अंदाज तपासते. सोयीसाठी दहा लाख धरू. आपल्याकडचे मोबाईल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता झाल्या ४०० कोटी. भागाकार करा: चार हजार सेकंद, म्हणजे एक तास आणि सात मिनिटांच्या आत सगळे क्रमांक तपासून होतात. आठ अंकी जन्मतारखेची तर त्याहून दैना. आठ अंकांच्या सर्वच्या सर्व दहा कोटी शक्यता शंभर सेकंदांत संपतात. नाव, त्यापुढे ॲट आणि १२३ हा जो आपल्याकडचा सार्वजनिक पासवर्ड आहे, त्यासाठी आकडेमोडीचीसुद्धा गरज नाही, तो तयार याद्यांमध्येच असतो.

अर्थात आमच्या यादीतल्या नऊ जणांपैकी कोणी असे ग्राफिक्स कार्ड लावून बसले असेल, असे मला त्या रात्रीही वाटले नाही. आधी ते कोण आहेत हे शोधायचे ठरवले.

राउटरच्या यादीत प्रत्येक उपकरणासमोर बारा चिन्हांचा एक पत्ता असतो, दोन-दोन चिन्हांचे सहा गट. त्याला मॅक पत्ता म्हणतात. पूर्वी या पत्त्याच्या पहिल्या तीन गटांवरून उपकरण कोणत्या कंपनीचे आहे ते कळत असे. आता नवे फोन प्रत्येक नेटवर्कसाठी स्वतःचा बनावट पत्ता तयार करतात; अँड्रॉइडने २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोनने २०२० मध्ये चौदाव्या आवृत्तीपासून ही सोय मुळातच चालू ठेवली. असा बनावट पत्ता ओळखण्याची एक साधी खूण आहे: त्यातले दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई यांपैकी एक असते. ही खूण लावून मी यादीत पेन्सिलीने फुल्या मारल्या. ज्यांना फुली, ते बहुतेक हल्लीचे फोन; ज्यांना नाही, ते टीव्ही, प्रिंटर, जुने फोन किंवा भिंतीवर बसवलेले एखादे यंत्र.

मग घरातले एकेक उपकरण बंद करून यादी पुन्हा काढायची, असा कार्यक्रम सुरू झाला. आईचा फोन बंद केला, एक ओळ गेली. मुलीचा टॅब, दुसरी ओळ. टीव्ही, प्रिंटर. ही पद्धत कंटाळवाणी असली तरी तिच्याइतकी भरवशाची दुसरी मला माहीत नाही. माझी आठही उपकरणे ओळखून झाल्यावर एक नाव फार खटकत राहिले: ईएसपी, पुढे एक आडवी रेघ आणि सहा अनाकलनीय चिन्हे. हाच तो चोर, अशी माझी खात्री झाली होती. सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "मोटारीचं बटण बघितलं का?" बोअरच्या मोटारीला मागच्या उन्हाळ्यात आम्ही मोबाईलवरून चालू-बंद करता येणारा स्विच बसवला होता, तो मी पार विसरून गेलो होतो. बोअरचा मेन स्विच पाडला आणि ईएसपी यादीतून नाहीसा झाला. म्हणजे आमची नऊ, मुलांची सहा आणि अनोळखी आठ.

दुसऱ्या दिवशी मुलांना विचारले. त्यांनी काहीही न लपवता सांगितले, कारण त्यांच्या दृष्टीने लपवण्यासारखे त्यात काही नव्हते. एकाने वर्गातल्या दोन मित्रांना पासवर्ड दिला होता, ते शेजारच्या गल्लीतून रोज अभ्यासाला येत. शेजारच्या मेसमधल्या मावशींच्या मुलाला दुसऱ्याने दिला होता, कारण त्याने एकदा रात्री उशिरा याच्यासाठी डबा काढून ठेवला होता. फोनवर चौकोनी कोड काढून समोरच्याला दाखवला की पासवर्ड न सांगताही तो देता येतो, त्यामुळे आपण काही दिले अशी जाणीवसुद्धा होत नाही. "सर, आपलं अनलिमिटेड हाय की," असा प्रश्नही त्यांनी मला विचारला. त्या प्रश्नात मला वावगे काही दिसले नाही. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात, आणि वायफाय हे त्याच रांगेतले झाले आहे. माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मीही फाटकाकडे बोट दाखवून "पाटीवरचा नंबर टाका" असे कौतुकाने सांगितलेले आहे.

अनलिमिटेड म्हणवणाऱ्या बहुतेक योजनांनाही वापराची एक मर्यादा असते आणि त्यापुढे वेग उतरतो, हे मुलांना ठाऊक नव्हते. पण वेगाचा मुद्दा मला गौण वाटतो. मुख्य मुद्दा असा की राउटरच्या आतली सगळी उपकरणे बाहेरच्या जगाला एकच दिसतात. आतल्या पंधरा किंवा तेवीस जणांपैकी कोणी काय केले याची नोंद बाहेर राहत नाही. नोंद राहते ती कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याची, आणि ते माझ्या नावावर, माझ्या आधारच्या प्रतीवर घेतलेले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. त्या ईमेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या एका घरापर्यंत पोहोचले. त्या घरातल्या वायफायला संरक्षण नव्हते आणि बाहेरच्या कोणीतरी ते वापरले होते. घरमालकाला किती चौकशांना तोंड द्यावे लागले असेल याची कल्पना करता येते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकजालात शिरणे हा नुकसानभरपाईचा विषय होतो, आणि तेच अप्रामाणिकपणे वा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे खरे असले तरी मावशींच्या मुलावर मी काही कलम ६६ लावणार नव्हतो, आणि तशी वेळ आलीच असती तर परवानगी नव्हती हे सिद्ध करताना माझी पाटी आडवी आली असती.

आणखी एक गोष्ट आहे, जिचा मला आधी विचारच सुचला नव्हता. वायफायच्या आत आलेला माणूस फक्त इंटरनेट वापरतो असे नाही. तो घरात आलेला असतो. त्याला प्रिंटर दिसतो, टीव्ही दिसतो आणि १९२.१६८.१.१ हे राउटरचे पानही दिसते. आमच्या त्या पानाचे वापरनाव ॲडमिन होते आणि पासवर्डही ॲडमिन. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. त्या पानावर जाऊन एखाद्याने डीएनएसचा पत्ता बदलला, तर बँकेचे नाव टाकल्यावर आपला संगणक कोणत्या दारात जाईल हे तो माणूस ठरवू शकतो. संकेतस्थळाच्या खरेपणाचे प्रमाणपत्र जुळत नाही असा इशारा ब्राउझर देतो, ही जमेची बाजू आहे. परंतु माझ्या आईच्या फोनवर असा इशारा आला तर ती "पुढे जा" हेच बटण दाबेल, कारण प्रत्येक वेळी ते दाबायला मीच तिला शिकवले आहे.

म्हणून पहिला बदल त्या पानाचा पासवर्ड. वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या पानाचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कनेक्शन बसवणारे सहसा सांगत नाहीत. दुसरा बदल सुरक्षापद्धतीचा. वायफायच्या १९९७ सालच्या मूळ मानकाबरोबर वेप नावाची पद्धत आली होती, ती २००१ मध्येच कच्ची ठरली. २००३ मध्ये तात्पुरती व्यवस्था म्हणून डब्ल्यूपीए आले, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३. माझ्याकडच्या एका जुन्या राउटरच्या यादीत वेप अजूनही पहिल्या क्रमांकावर आहे, म्हणजे घाईत असणारा माणूस नेमके तेच निवडणार. डब्ल्यूपीए-२ निवडताना त्यासोबत एईएस हे नाव पाहावे, टीकेआयपी असलेला जुना पर्याय सोडून द्यावा. डब्ल्यूपीए-३ मध्ये वर सांगितलेला घरी नेऊन अंदाज लावण्याचा प्रकार चालत नाही. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावे लागते. माझ्या राउटरमध्ये दोन्हींचा मिश्र पर्याय होता, तो मी घेतला, कारण निव्वळ डब्ल्यूपीए-३ ठेवल्यावर आईचा फोन आणि मोटारीचे बटण दोन्ही रुसले. मिश्र पर्यायात जुनी उपकरणे डब्ल्यूपीए-२ नेच जोडली जातात, त्यामुळे पासवर्ड तगडा ठेवण्यावाचून सुटका नाही.

डब्ल्यूपीएसबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण यातले गणित मी वर्गात फळ्यावर मांडले आहे. पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा आठ अंकी पिन देऊन उपकरण जोडण्याची ही सोय. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता, असे वाटते. प्रत्यक्षात आठवा अंक आधीच्या सातांवरून ठरणारा ताळ्याचा अंक असतो, म्हणून उरल्या एक कोटी. पण राउटर ही पिन एकदम तपासत नाही; पहिले चार अंक आधी तपासतो आणि ते चुकले तर तिथेच तसे कळवतो. म्हणजे पहिल्या चार अंकांसाठी जास्तीत जास्त दहा हजार प्रयत्न, ते जुळले की उरलेल्या तिघांसाठी एक हजार. गुणाकाराच्या जागी बेरीज झाली आणि एक कोटीचे अकरा हजार झाले. श्टेफान फीबोक या संशोधकाने डिसेंबर २०११ मध्ये हे उघड केले. नंतरच्या अनेक राउटरमध्ये चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा आली, तरी माझा सल्ला सरळ आहे: डब्ल्यूपीएस बंद करून टाकावे. तुम्ही पासवर्ड कितीही लांब ठेवा, पिन चालू असेल तर तो लांब पासवर्ड वळसा घालून टाळता येतो. मुलांना संभाव्यता शिकवताना गुणाकार आणि बेरीज यांतला फरक पटवून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला अजून सापडलेले नाही.

बाहेरून राउटरचे पान उघडण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, आमच्याकडे चालूच होती, तीही बंद केली. राउटरच्या आतली प्रणाली, म्हणजे फर्मवेअर, अद्ययावत केली. हे काम लोक पुढे ढकलतात, मीही ढकलत होतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहूफ या बेल्जियन संशोधकाने दाखवून दिले की डब्ल्यूपीए-२ च्या त्या चार संदेशांच्या देवाणघेवाणीतच दोष होता, पासवर्ड कितीही चांगला असला तरी. त्यावर उपाय एकच होता, फोन आणि राउटरवर कंपन्यांनी दिलेली दुरुस्ती चढवणे.

नवा पासवर्ड कसा ठरवला ते सांगतो. आठ ते त्रेसष्ट चिन्हे चालतात आणि ती रोमन लिपीतलीच असावी लागतात, पण शब्द मराठी असायला हरकत नाही. मुलीने डोळे मिटून शब्दकोश पाच वेळा उघडला आणि पाच वेळा बोट ठेवले. बाभूळ, सुतळी, पन्हाळ, कंदील, हुरडा अशा धर्तीचे पाच शब्द निघाले, एकमेकांशी काहीही संबंध नसलेले. (हेच ते शब्द नव्हेत, एकदा पाटी रंगवून झाली आहे.) शब्दांचा साठा पाच हजारांचा धरला तर चार शब्दांच्या सर्व शक्यता तपासायला वरच्याच वेगाने सुमारे वीस वर्षे लागतात आणि पाचवा शब्द जोडताच ती जवळपास नव्याण्णव हजार वर्षे होतात. एका कार्डाऐवजी शंभर लावली तरी नऊशे नव्वद. मोठे अक्षर, छोटे अक्षर, एक आकडा, एक डॉलरचे चिन्ह अशा कसरतीपेक्षा हे बरे, आणि आईला टीव्हीच्या रिमोटने टाकताही येते. नेटवर्कचे नाव बदलून आडनावही काढून टाकले.

नाव लपवावे आणि ठरावीक मॅक पत्त्यांनाच प्रवेश द्यावा, असे दोन सल्ले सगळीकडे दिले जातात. मला दोन्ही निरुपयोगी वाटतात. नाव लपवले की आपला फोन बाहेर बाजारातसुद्धा त्या नावाने हाका मारत फिरतो, म्हणजे लपवण्याऐवजी ते जास्त ठिकाणी उच्चारले जाते. मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो, तो ऐकून कोणीही स्वतःच्या लॅपटॉपला चिकटवू शकतो.

राउटरची जागाही बदलली. वरच्या मुलांना रेंज मिळावी म्हणून तो जिन्याच्या चौकात भिंतीवर ठोकला होता. त्याच्या पाठीवर मूळ पासवर्डची चिठ्ठी असते आणि एक बारीक छिद्र असते, त्यात टाचणी घालून काही सेकंद दाबले की सगळे बदल पुसून तो पुन्हा चिठ्ठीवरच्या पासवर्डवर येतो. माझे पाच शब्द एका टाचणीच्या अंतरावर होते. राउटर दिवाणखान्यात घेतला आणि वर एक जुना राउटर वायरीने जोडून दिला.

आता मुलांचे काय, आणि मावशींचे काय, हा प्रश्न उरला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा याच गल्लीत टाक्यांच्या झाकणांना कुलपे लागली होती, आणि ज्यांनी कुलपे लावली त्यांनीच शेजारच्या म्हातारीला रोज दोन घागरी दिल्या होत्या. कुलूप असल्यामुळे त्या मोजून देता आल्या. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क नावाची जी सोय असते ती मला त्या कुलपासारखी वाटते. दुसरे नाव, दुसरा पासवर्ड, तिथून इंटरनेट मिळते, पण घरातला प्रिंटर किंवा राउटरचे पान दिसत नाही. निदान दिसू नये. मी ते चालू केले, मुलीचा फोन गेस्टवर जोडला आणि सहज म्हणून १९२.१६८.१.१ टाकून पाहिले, तर पान उघडले! आयसोलेशन नावाच्या चौकटीत खूण करायची राहिली होती. ती केल्यावर पान उघडेनासे झाले. गेस्ट नेटवर्क सुरू करणाऱ्या प्रत्येकाने ही परीक्षा घ्यावी, कारण नावात गेस्ट असले म्हणजे आतून भिंत घातलेली असतेच असे नाही. वर जोडलेला जुना राउटरही या भिंतीच्या पलीकडे, गेस्टच्याच बाजूला ठेवावा लागला. त्यात माझा एक आख्खा रविवार गेला.

मुलांना गेस्टचा पासवर्ड दिला आणि सांगितले की तो दर जूनमध्ये, नवी मुले आली की बदलेल. मोटारीचे बटणही मी गेस्टवरच टाकले. स्वस्तातल्या अशा यंत्रांवर माझा विश्वास नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने कॅमेरे आणि राउटर त्यांच्या कारखान्यातल्याच पासवर्डवर उघडून हजारोंनी ताब्यात घेतले होते आणि २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांची वाट काही तास अडवून धरली होती.

मुख्य पासवर्ड एका शुक्रवारी रात्री बदलला आणि एक अनपेक्षित गोष्ट घडली: ज्यांना मी शोधत होतो ते स्वतःहून तक्रार घेऊन येऊ लागले. शनिवारी सकाळी मेसच्या मावशी चहाच्या वेळी आल्या आणि "सर, तुमचं नेट बंद हाय का? पोरगं सकाळपासनं चिडचिड करायलंय," म्हणाल्या. मुलगा आणि मेसवर काम करणारे दोघे, अशी तीन उपकरणे त्यांच्या खात्यावर जमा झाली. अभ्यासाला येणारे दोन मित्र संध्याकाळी आले. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार दुपारी आले आणि त्यांच्या दुकानातला कॅमेरा मोबाईलवर दिसत नाही, असे फार संकोचाने सांगू लागले. कॅमेरा बसवणाऱ्याने तो कोणत्या वायफायला जोडला हे त्यांना त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते, त्यांना फक्त "नेटचं आपण बघून घेतलंय" एवढे सांगण्यात आले होते. ज्या कॅमेऱ्यात त्यांचा गल्ला दिसतो तो दोन वर्षे माझ्या घरातून जात होता. त्यांना मी गेस्टचा पासवर्ड दिला नाही, त्यांचे स्वतःचे कनेक्शन घ्यायला सांगितले. ते त्यांना पटले. मावशींना दिला. रविवारी रात्री गेल्या वर्षी आमच्याकडे राहून गेलेल्या आणि आता मागच्या वसतिगृहात असलेल्या मुलाचा फोन आला, "सर, सहज केला फोन," म्हणून सुरुवात करून तो पाच मिनिटांनी मुद्द्यावर आला.

तीन, दोन, एक आणि एक: सात झाले. फुल्या मारलेला तो कागद मी अजून ठेवला आहे. त्यातल्या आठव्या ओळीवर फुली आहे, म्हणजे हल्लीचाच कोणाचा तरी फोन; नावाच्या जागी काहीही नाही, आणि त्याच्याबद्दल विचारायला आजवर कोणी आलेले नाही.